आजोबांचा लोकरी ओव्हरकोट विकायचा आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ल्यातल्या आमच्या घरातला जुना ओव्हरकोट विकायचा आहे, असं कळवल्यापासून रोज कुणी ना कुणी विचारतं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते. माझं शिवणकामाचं दुकान आहे, त्यामुळे काही ठिकाणी जरा खोलात गेले आहे. कोट घेणाऱ्याला त्याचा उपयोगच होईल.

कोट नेमका कसा आहे?

पुरुषी, डबल ब्रेस्टचा, गुडघ्याच्या खाली चार बोटं येणारा ओव्हरकोट. रंग गडद निळा. खोलीतल्या दिव्याखाली काळाच वाटतो, पडवीत आणला की निळा दिसतो. पुढे सहा बटणं, दोन्ही बाजूंना झाकणाचे खिसे, आत डाव्या छातीला एक खिसा, मागे खालून एकच कट. कॉलर रुंद आहे आणि उभी केली तर कानापर्यंत येते.

कापड मेल्टन. हे नाव इंग्लंडमधल्या मेल्टन मोब्रे या गावावरून पडलं. लोकर विणून झाली की कापड ओलं करून रगडतात आणि मुद्दाम आटवतात. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि कापड घट्ट बसतं. मग वर आलेली लव कातरून टाकतात. त्यामुळे उभे-आडवे धागे दिसतच नाहीत, बोट फिरवलं तर सपाट, दाट पृष्ठभाग लागतो. ज्यांनी धनगरी घोंगडी अंगावर घेतली आहे त्यांना हा प्रकार लगेच कळेल. घोंगडीची लोकर जाडीभरडी आणि चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली असते, मेल्टनची मऊ. पण पावसाचा थेंब वर थांबतो आणि वारा आत येत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

वजन जानेवारीत काट्यावर 2 किलो 350 ग्रॅम भरलं. जुलैत तोच कोट 2 किलो 490 भरला होता. काटा बिघडलेला नव्हता. लोकर हवेतलं पाणी पिते, स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत पिऊनही हाताला ओली लागत नाही. घालणाऱ्याच्या दृष्टीने हा गुण आहे. कोकणात कोट सांभाळणाऱ्याला मात्र त्यानेच घोर लावला, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कोकणात ओव्हरकोट आला कुठून?

बोटीवरून. आजोबा मालवाहू जहाजावर सुखानी होते, म्हणजे सुकाणू धरणारे. आमच्या किनाऱ्यावर पूर्वी घराआड एखादा तरी माणूस बोटीवर असे. कुणी खलाशी, कुणी आगवाला, कुणी तेलवाला, नशीब आणि मेहनत असली तर सारंग. सुखान्याला चार चार तासांचा पहारा असतो. सुकाणूवरची पाळी संपली की उघड्यावर उभं राहून समोर नजर ठेवायची. सुएझच्या पलीकडे जहाज गेलं आणि हिवाळा असला की इथून नेलेला स्वेटर काहीच कामाचा नाही, असं ते सांगायचे. 1951 च्या जानेवारीत ग्लासगोला जहाज लागलं असताना त्यांनी हा कोट घेतला.

मुंबईहून तो गावाला आला तोही बोटीनेच. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत खाली यायची, वेंगुर्ल्यासमोर पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, गाठोडी पडावात उतरवून किनाऱ्याला आणायचे. आजी सांगायची, ट्रंकेवर पाणी उडालं तरी चालेल म्हणून कोट ट्रंकेत न ठेवता मेणकापडात गुंडाळून त्यांनी तो छातीशी धरला होता.

इतका जुना आहे हे कशावरून?

आतल्या खिशाच्या कडेला शिवलेली एक छोटी पट्टी आहे. तिच्यावर फोड कापून काढलेल्या दोन गोल चकत्यांसारखे दोन इंग्रजी सी आणि पुढे 41 हा आकडा. ही ब्रिटिश सरकारच्या ‘युटिलिटी’ मालाची खूण. महायुद्धात कापडाची टंचाई झाली तेव्हा 1 जून 1941 पासून ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन आलं. पहिल्या वर्षी माणशी 66 कूपनं होती आणि अस्तर लावलेला पुरुषी ओव्हरकोट घ्यायचा तर त्यातली 16 एका दमात जायची. त्याच सुमारास सरकारने ठरवून दिलेल्या कापडाचे, ठरवून दिलेल्या किमतीचे कपडे बाजारात आणले, त्यांच्यावर ही खूण असे. कपड्यांचं रेशन 15 मार्च 1949 ला उठलं, खूण मात्र 1952 पर्यंत चालू राहिली. म्हणजे निव्वळ पट्टीवरून कोट 1941 ते 1952 मधला ठरतो.

आजोबांची नल्ली घरात आहे. नल्ली म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक, प्रत्येक सफरीची नोंद आणि शेवटी कामाचा व वागणुकीचा शिक्का. 1951 च्या नोंदीत ग्लासगो आहे. युटिलिटीच्या मालावर तिकडे खरेदी-कर नव्हता, म्हणून तो स्वस्त पडे. पगारातून घरी पैसे पाठवणाऱ्या माणसाने तोच का निवडला, हे सांगायला नको.

दोघांनी फक्त ती पट्टी विकत मागितली. पट्टी उसवून देणार नाही.

हाताने शिवलेला आहे का?

नाही. मी खालच्या घेराची दुमड आणि अस्तराची एक बाजू उसवून आत पाहिलं आहे. छातीला आणि कॉलरच्या पट्टीला केसांचं कॅनव्हास, म्हणजे कोटाचा आकार धरून ठेवणारं आतलं ताठ कापड आहे, चिकटवलेलं नाही, टाक्यांनी धरलेलं आहे. पण ते टाके एकसारखे, यंत्राचे आहेत. काजंही यंत्राची. हा कारखान्यातला कोट आहे आणि ‘लंडनच्या शिंप्याने मापावर शिवलेला’ म्हणून मी तो विकणार नाही.

तरीही सांगते, गेली 22 वर्षं मी कपडे शिवते आणि आजच्या तयार कोटांमध्ये इतका प्रामाणिक आतला भाग क्वचित पाहिला आहे. आता बहुतेक ठिकाणी छातीला चिकटवायचं कापड इस्त्रीने बसवतात. दमट हवेत पाच-सात वर्षांत ते सुटतं आणि पुढच्या भागावर फोड आल्यासारखे फुगे दिसतात. टाक्यांवर धरलेलं कॅनव्हास सुटत नाही, उलट घालणाऱ्याच्या छातीचा आकार घेतं. याच्या डाव्या बाजूला अजून थोडा बाक आहे, आजोबा त्या खिशात नल्ली ठेवायचे.

लोकर शंभर टक्के आहे का?

आतल्या शिवणीत दाबलेल्या जागांतून, चार ठिकाणचे तंतू काढून जाळून पाहिले. ज्योतीपासून दूर केलं की विझतात, केस जळाल्याचा वास येतो आणि जी काळी गोळी उरते ती बोटांत दाबली की भुगा होतो. पॉलिस्टरची गोळी कडक राहते, फुटत नाही. चारही ठिकाणी हेच दिसलं. अस्तर मात्र रेयॉनचं आहे, बाह्यांतलं अस्तर वेगळं, पांढऱ्यावर करड्या रेघांचं. बटणं शिंगाची नाहीत, त्या काळच्या प्लास्टिकची आहेत.

माप काय?

सगळी मापं कोट सपाट टेबलावर ठेवून, बटणं लावून घेतली आहेत. बगलेपासून बगलेपर्यंत 22 इंच, म्हणजे छातीचा घेर 44. शोल्डर साडेअठरा. बाही शोल्डरपासून साडेचोवीस. मागची उंची कॉलरच्या खालून 46. खालचा घेर 58.

कोटाचं माप म्हणजे अंगाचं माप नव्हे, यात पुष्कळांचा घोटाळा होतो. ओव्हरकोट शर्ट, स्वेटर, कधी आतला कोट या सगळ्यांवर घालायचा असतो, म्हणून चार ते सहा इंच सैल हवाच. तुमची छाती 38 ते 40 असेल तर बरोबर बसेल. 42 ला फक्त शर्टावर जमेल. उंची पाच फूट सहा ते पाच फूट दहा या दरम्यान असली तर गुडघ्याखाली शोभेल. नेमकं कळायला तुमच्याकडचा चांगला बसणारा ब्लेझर असाच सपाट ठेवून मोजा आणि बगलेतलं माप मला कळवा. ब्लेझरपेक्षा कोट दीड ते दोन इंच जास्त हवा.

लहान-मोठा करून मिळेल का?

बाही लहान करता येईल, आत दीड इंच दुमड आहे, त्यामुळे एक इंच वाढवताही येईल. उंची कमी होईल, पण मी आग्रहाने सांगेन की करू नका. या कोटाची ऐट त्या लांबीतच आहे. कंबरेला बाजूच्या शिवणीतून एकूण दोन इंच आत घेता येईल. शोल्डरला हात लावू नका. मुंढा उसवला की कॅनव्हास, भराव, बाहीची चुणी सगळंच सुटतं, आणि ते पुन्हा तसंच बसवणारे कारागीर आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. मी स्वतः ते काम घेणार नाही.

बाही आणि कंबर मी पैसे न घेता करून देईन, पण तुम्ही एकदा अंगावर घालून दाखवलं तरच.

बायकांना चालेल का?

चालेल की. दोन मुलींनी घालून पाहिला, उंच मुलीला फार सुंदर दिसला. फक्त बटणं पुरुषी पद्धतीची, डावी बाजू वर येणारी आहेत.

खराबी काय काय आहे?

सगळी लिहिते, म्हणजे नंतर मन खट्टू व्हायला नको.

उजव्या पुढच्या भागावर, खिशाच्या खाली, दोन भोकं होती. एक तांदळाच्या दाण्याएवढं, दुसरं मसुरीच्या डाळीएवढं. दोन्ही मी रफू केली आहेत. मेल्टनमध्ये साधं रफू जमत नाही, कारण धागा सुटून येत नाही, तुटतो. म्हणून आतल्या दुमडीतून त्याच कापडाचा बारीक तुकडा कापला, भोकाच्या कडा साफ केल्या, तुकडा कडेला कड लावून बसवला आणि रेशमाच्या एका पदराने कापडाच्या जाडीच्या आतून टाके घेतले. टाका वर येऊ द्यायचा नाही आणि खालीही नाही. त्या मसुरीएवढ्या भोकाला दुपारचे दोन ते सहा लागले. वाफ दिल्यावर लव एकमेकांत मिसळली. दारातल्या उजेडात, कुठे आहे ते सांगितल्यावर दिसतं. न सांगता अजून कुणाला सापडलेलं नाही.

कॉलरच्या मागच्या बाजूला बोटभर लांबीची जागा वरवर खाल्लेली आहे, आरपार नाही. कॉलर खाली असली की झाकते.

मानेच्या आत कोट टांगायची लोखंडी साखळी होती. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंड म्हटलं की गंज आलाच. साखळी गंजली आणि खालच्या कापडावर तपकिरी डाग उमटला, रुपयाच्या नाण्याएवढा. साखळी मी काढली, त्याच कापडाची नाडी शिवली. डाग तसाच ठेवला आहे. गंज काढणारी औषधं आम्लाची असतात, त्यांनी रंग उडाला असता.

दोन्ही बगलांतलं अस्तर विरलं होतं, ते तेवढंच नवीन लावलं आहे, रंग जुन्याशी पूर्ण जुळत नाही. सहापैकी एक बटण पूर्वीच कधीतरी बदललेलं आहे, किंचित चकचकीत आहे.

सगळ्यात मनाला लागलेली गोष्ट डाव्या कॉलरपट्टीवरची चकाकी. काही वर्षांपूर्वी मी घाईत कोट एका लाँड्रीत दिला. ओलं फडकं न ठेवता त्यांनी थेट गरम इस्त्री दाबली. लोकरीची लव चेपून तिथे आरशासारखी चमक आली. वाफ देऊन, मऊ ब्रशने उचलून मी ती अर्धी घालवली. उरलेली फोटोत मुद्दाम तिरप्या उजेडात दाखवली आहे.

कसर लागलेली आहे का? माझ्या कपाटात पसरेल का?

लागली होती. आता नाही, आणि हे मी नुसतं बघून म्हणत नाही.

उडताना दिसणारं ते इवलंसं पिवळसर पाखरू कापड खात नाही, त्याला खायला तोंडच धड नसतं. खाते ती त्याची अळी. लोकर, केस, पिसं, रेशीम यांतलं प्रथिन तिला पचतं. तिला अंधार आणि न हललेली जागा हवी, आणि घामाचा, तेलाचा, अन्नाचा डाग असेल तिथे ती आधी जाते. म्हणून भोकं नेहमी कॉलरखाली, खिशाजवळ, दुमडीत असतात. वर्षानुवर्षं ट्रंकेत पडलेला कोट म्हणजे तिच्या दृष्टीने भरलेलं कोठार.

डांबर गोळ्यांचा वास अळीला मारेलच असं नाही, बंद डब्यात भरपूर वाफ साठली तरच त्या काम करतात. शिवाय लहान मुलं असलेल्या घरात मला त्या नकोतच. काही बाळांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनने रक्तातल्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. वेखंड, कडुनिंबाचा पाला, लवंगा मी ठेवते, त्यांनी पाखरू जवळ यायला कचरतं, पण आत बसलेली अंडी त्यांनी मरत नाहीत.

खात्रीचा उपाय गारठा. वस्तुसंग्रहालयांतही लोकरी कपड्यांना हाच देतात. उणे 18 अंशांवर दोन आठवडे. आमच्या शेजारच्या काकांचा आंब्याचा रस ठेवायचा डीप फ्रीझर आहे, दिवाळीनंतर तो रिकामा होतो. कोट आधी ब्रशने झाडला, सगळे खिसे उलटे केले, जाड प्लास्टिकमध्ये घालून हवा दाबून काढली, तोंड चिकटपट्टीने बंद केलं आणि आत ठेवला. नवव्या दिवशी वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. मी दिवस पुन्हा एकपासून मोजले. बाहेर काढल्यावर एक पूर्ण दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कापडावर हवेतलं पाणी धरतं आणि कसर गेली तरी बुरशी येते. त्यानंतर चौदा महिने झाले. दर पंधरा दिवसांनी पांढऱ्या चादरीवर झाडून बघते. नवीन भोक नाही, जाळी नाही, विष्ठेचे कण नाहीत.

तुम्हाला शंका असेल तर घरी गेल्यावर तुम्हीही एकदा करा. कापडाला काही होत नाही.

वास येतो का?

थोडा. लोकरीचा स्वतःचा आणि त्यावर वेखंडाचा. बुरशीचा कुबट वास आता नाही. पावसाळी हवेत जवळ नेलं तर मला अगदी पुसट तंबाखूचा भास होतो, पण माझ्या नवऱ्याला होत नाही.

कोकणच्या हवेत लोकर टिकवली कशी?

हा प्रश्न खरेदीशी संबंध नसलेलेही विचारतात, त्यांच्या घरी शाली असतात, लग्नातले सूट असतात, म्हणून जरा सविस्तर.

आमच्याकडे पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता 80-90 टक्क्यांखाली फारशी येत नाही. बुरशीला 70 च्या वर गेलं की पुरतं. म्हणजे चार महिने ती दाराशी उभीच असते. आजी असेपर्यंत एकच नियम होता. पाऊस उघडला की ती ओरडायची, “गो, कोट भायर काढ, बुरशी धरतली!” आणि मी चुलीच्या वरच्या वाशाला टांगलेला कोट काढून खळ्यात नेत असे. चूल होती तोवर तिची ऊब आणि धूर यांनीच तो वाचवला, असं आता वाटतं. गॅस आल्यावर कोट माळ्यावरच्या ट्रंकेत गेला आणि तिथेच बिघडायला लागला.

आता मी असं करते. लाकडी कपाटात तळाला कमी वॉटचा पिवळा बल्ब, पावसाळाभर चालू. हवा दोन-तीन अंशांनी गरम झाली की तिची आर्द्रता खाली येते, एवढं त्यामागचं साधं कारण. बल्बला कापड लागता कामा नये, मी जाळीची टोपली उपडी घातली आहे. कोटावर जुन्या सुती लुगड्याची पिशवी, खळ आणि साबण पूर्ण निघालेली. प्लास्टिकचं कव्हर कधीच नाही, आत घाम धरतो. हॅंगर लाकडाचा, रुंद खांद्यांचा, आणि त्याच्या लोखंडी आकड्याला सुती पट्टी गुंडाळलेली. नवरात्र झालं की पहिल्या कोरड्या उन्हात तास-दीड तास, अस्तर बाहेर करून. जास्त ऊन नको, निळा रंग विटतो.

एवढं करूनही दर पावसाळा कोटाला काही ना काही देऊन जातो. अस्तर गेल्या दोन वर्षांतच विरलं.

धुवायचा कसा?

पाण्यात अजिबात नाही. वर मेल्टन कसं करतात ते लिहिलं आहे, मशिनमध्ये टाकलात तर तीच क्रिया पुन्हा होईल आणि कोट दहा वर्षांच्या मुलाचा होईल. घातल्यानंतर मऊ केसांच्या ब्रशने वरून खाली झाडा, रात्रभर मोकळ्या हवेत टांगा, दुसऱ्या दिवशी विश्रांती द्या. डाग पडला तर लगेच टिपा, चोळू नका. वर्षातून एकदा, हिवाळा संपल्यावर, ड्राय क्लीनिंग पुरे. देताना ‘इस्त्री नको, फक्त वाफ’ असं पावतीवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं पुरत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

आपल्याकडे हा घालायचा कुठे?

वेंगुर्ल्यात नाहीच. दापोलीत थंडीत पारा दहाच्या खाली गेलेला आहे, तरी तिथेही पहाटेचा एखादा तास सोडला तर हा कोट जड होईल. महाबळेश्वरला जानेवारीच्या रात्री चालेल. त्याचं खरं काम शिमला, मनाली, काश्मीर, दिल्लीतला जानेवारी, किंवा परदेशी शिकायला-नोकरीला गेलेली मुलं. पाच अंशांच्या खाली, वारा असताना हा कोट काय आहे ते कळतं. एक लक्षात ठेवा, बर्फात तासन् तास भिजायचं असेल तर त्यावर पाणी अडवणारं जॅकेट हवं. मेल्टन सरी झेलतं, धार नाही.

नाटकासाठी भाड्याने द्याल का?

जवळपासच्या दोन हौशी मंडळांनी विचारलं, आणि मला नाही म्हणताना वाईट वाटलं, कारण आमच्याकडे नाटकावर लोकांचा जीव आहे. पण रंगमंचावरच्या दिव्यांखाली अंगातून घाम निथळतो, मानेचा रंग कॉलरला लागतो आणि प्रयोगानंतर कोट तसाच पेटीत जातो. कसरीला यापेक्षा वेगळं आमंत्रण लागत नाही. भूमिकेसाठी कोट हवा असेल तर याच कापाचा साध्या कापडाचा शिवून देईन, दिसायला लांबून तोच दिसेल आणि नटालाही उकडणार नाही.

किंमत किती, आणि कमी होईल का?

12,500 रुपये. घालायला घेणार असाल आणि मापात बसत असाल तर हजार कमी करेन. चौकटीत घालून हॉटेलच्या भिंतीवर लावायला मागितला होता, जास्त पैसे देऊन. नाही म्हटलं.

मग विकता कशाला? घरातच ठेवा ना.

हे सगळ्यांत जास्त विचारलं जातं, नातेवाइकांकडून तर रागाने. आजोबा गेल्यावर कोट कुणीच घातला नाही. आम्ही त्याचा उपयोग एकच केला, पावसात कुणाला थंडी वाजून ताप आला की आजी तो अंगावर टाकायची. मलेरियात दात वाजत असताना त्या वजनाखाली कसं शांत वाटायचं, ते मला अजून आठवतं. पण आता घरात तापालाही तो निघत नाही. माझा मुलगा गोव्यात नोकरीला आहे, भाऊ मुंबईत. थंडी कुणाच्याच वाट्याला नाही. मी बल्ब लावते, झाडते, रफू करते, आणि तरी दर सप्टेंबरला तो थोडा कमी झालेला असतो. दिल्लीच्या किंवा शिमल्याच्या कोरड्या हिवाळ्यात, अंगावर आणि हालता राहिला, तर हाच कोट आणखी तीस वर्षं सहज जाईल. माझ्या कपाटात दहासुद्धा जाणार नाहीत. आजोबांची आठवण मला नल्लीत मिळते, ती मी ठेवणार आहे.

पाठवणार कसा?

पोस्टाच्या पार्सलने, विमा उतरवून. आत सुती पिशवी, त्यावर प्रवासापुरतं प्लास्टिक, बाहेर खोका. पोहोचल्याबरोबर प्लास्टिक काढून टाका. जून ते सप्टेंबर मी पाठवत नाही, कोणी कितीही घाई केली तरी. पैसे दिलेत तर कोट तुमच्या नावाने माझ्या कपाटात राहील आणि नवरात्रानंतर निघेल. परदेशी पाठवणं मला जमणार नाही, इथला पत्ता द्यावा.

येऊन बघता येईल का?

यावंच. रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडी रोडला उतरा, पुढे वेंगुर्ल्याची एसटी. दुपारी तीननंतर या, तेव्हा पडवीत तिरपा उजेड येतो आणि रफू, चकाकी, डाग, सगळं दिसतं. मे महिन्यात आलात तर घालून बघताना घाम येईल, अंगावर पातळ सुती बनियन असू द्या.

आवडला नाही तर परत घ्याल का?

पोहोचल्यापासून दहा दिवसांत, न घातलेला, न धुतलेला असेल तर घेईन. परतीचा टपालखर्च तुमचा. मी सांगितली नाही अशी खराबी निघाली तर तोही माझा. आल्टर केल्यावर परत घेता येणार नाही.

कोटाबरोबर आणखी काय मिळेल?

लाकडी हॅंगर, सुती पिशवी, झाडायचा ब्रश, नल्लीच्या त्या पानाची झेरॉक्स. आतल्या दुमडीतून कापलेल्या मेल्टनचा आगपेटीएवढा तुकडा पुढच्या रफूसाठी, आणि अस्तराला वापरलेल्या दोऱ्याचं रीळ. पूर्वी बदललेलं मूळ बटण उजव्या खिशाच्या तळाशी, अस्तराच्या फटीतून खाली घसरलेलं सापडलं. त्याला एका कडेला चीर आहे, म्हणून पुढे लावलं नाही. ते कागदात गुंडाळून आतल्या खिशात ठेवलं आहे. कोट झाडताना ते पडू देऊ नका.